विश्लेषण : ‘सातारा गॅझेट’चा वाद मोडी वाचकाच्या टेबलावर का येऊन थांबतो?

आरक्षणाचे आंदोलन मुंबईच्या आझाद मैदानावर होते, निर्णय मंत्रालयात होतो आणि त्याला आव्हान उच्च न्यायालयात दिले जाते. अर्जदाराच्या हातात प्रमाणपत्र पडणार की नाही, हे मात्र अनेकदा एका पिवळ्या पडलेल्या पानावरच्या दोन-तीन अक्षरांवर ठरते. ही अक्षरे मोडी लिपीत असतात आणि ती लावता येणारी माणसे थोडी आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सध्या ज्या ‘गॅझेट’ची चर्चा आहे, त्याचा आणि या अक्षरांचा संबंध काय? मोडी वाचणे म्हणजे सांकेतिक लिपी फोडण्यासारखेच आहे का? आणि वाचणारा चुकला तर काय होते?

वाद कुठे आहे?

मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२५ रोजी आझाद मैदानावर उपोषण सुरू केले. २ सप्टेंबरला राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठवाड्यातील पात्र व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरवणारा शासन निर्णय काढला. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची गावपातळीवरची समिती त्यातूनच आली. आंदोलकांची दुसरी मागणी पश्चिम महाराष्ट्रासाठी होती : सातारा गॅझेट आणि औंध संस्थानच्या नोंदीही याच पद्धतीने ग्राह्य धराव्यात. त्यावर सरकारने मुदत मागून घेतली.

ओबीसी संघटनांचा आणि मंत्री छगन भुजबळ यांचा या निर्णयाला विरोध आहे. मागच्या दाराने ओबीसींच्या वाट्यात वाटेकरी आणले जात आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले. दोन्ही बाजू ‘जुन्या नोंदी’ हा शब्द वापरतात. त्या नोंदी कोण वाचतो, कशा वाचतो आणि वाचलेले कोण तपासतो, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही.

सातारा गॅझेट म्हणजे नक्की काय?

ज्याला आपण ‘सातारा गॅझेट’ म्हणतो तो ब्रिटिश काळातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १९वा खंड. जेम्स कॅम्पबेल या अधिकाऱ्याच्या संपादनाखाली तो १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्ह्याचे डोंगर, नद्या, पिके, व्यापार, इतिहास आणि लोक यांची ती इंग्रजी माहितीपुस्तिका आहे. त्यात १८८१च्या जनगणनेचे जातवार आकडे आहेत. त्या जनगणनेत मराठ्यांची गणना कुणब्यांतच झाल्याचा उल्लेखही आहे, आणि आंदोलकांचा भर याच उल्लेखावर आहे.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, खानापूर, तासगाव हे आज सांगलीत असलेले तालुके त्यात होते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने होती आणि त्यांची दप्तरे वेगळी होती. आटपाडी औंध संस्थानात होती, म्हणून सातारा गॅझेटच्या जोडीला औंधचे नाव येते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे आजच्या सांगलीकराची जुनी नोंद साताऱ्याच्या कागदांत असू शकते किंवा एखाद्या संस्थानच्या दप्तरातही निघू शकते.

गॅझेटियर आकडे सांगते, माणसांची नावे सांगत नाही. अमुक गावच्या अमुक माणसाची जात कोणती, हे त्यात कुठेही सापडत नाही. आकड्यापासून माणसापर्यंत जायचे तर गावच्या दप्तरात शिरावे लागते आणि तिथे मोडीशी गाठ पडते.

गावच्या दप्तरात काय असते?

जातीच्या दाव्यासाठी जे पुरावे पाहिले जातात त्यांत कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी महत्त्वाच्या मानल्या जातात. शाळेचे जनरल रजिस्टर, जुनी हक्कनोंद, कडई पत्रक, खरेदीखते हे कागदही पाहिले जातात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरली जाते. त्याआधीचा पुरावा असेल तर दावा भक्कम होतो, आणि पुरावा जितका जुना तितके त्याचे वजन अधिक.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात तलाठी, कुलकर्णी, कारकून, सावकार यांचा रोजचा हात मोडीचा होता. छपाई देवनागरीत आणि हातचे लिहिणे मोडीत, अशी ती व्यवस्था होती. पुढे शाळांतून मोडी गेली, टंकलेखन यंत्र आले आणि एका पिढीच्या अंतरात घरचाच कागद घरच्यांना परका झाला. आजोबांनी लिहिलेला कागद नातवाला वाचता येत नाही, अशी घरे सातारा-सांगलीत गावोगाव सापडतील.

काम किती किचकट आहे याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या समितीने मराठवाड्यात पहिल्या टप्प्यात सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्या आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी सापडल्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगण्यात आले. म्हणजे साधारण दीड हजारांत एक. तिथे निजामाच्या राजवटीमुळे उर्दू आणि फारसी कागदही होते. पुढे समितीचे काम राज्यभर वाढले आणि मोडी वाचकांना तहसील कचेऱ्यांतून बोलावणी येऊ लागली.

मोडी ही गुप्त लिपी होती का?

नाही. हा गैरसमज मात्र जुना आहे. मोडी ही वेगाने लिहायची लिपी. बोरू कमीत कमी उचलायला लागावा अशी तिची रचना आहे. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली एकाला एक जोडून अक्षरे लिहीत जायची. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. लिहिणाऱ्याला हे सोयीचे होते आणि वाचणाऱ्यालाही सवयीने जमत असे.

गुप्त लिपीत अर्थ मुद्दाम लपवलेला असतो. मोडीत काहीच लपवलेले नव्हते, फक्त वाचणारे नाहीसे झाले. परिणाम मात्र सारखाच आहे : कागद समोर असतो आणि अर्थ कुलूपबंद. म्हणूनच मोडी वाचकाची कामाची रीत संकेत फोडणाऱ्याच्या रीतीशी मिळतीजुळती असते.

मोडी कागद लावतात कसा?

‘मोडी लागली’ असा शब्दप्रयोग या क्षेत्रात आहे. एक अक्षर लागले की त्याच्या आधाराने दुसरे लागते. जाणकार वाचक पहिल्या अक्षरापासून सुरुवात करत नाही. तो आधी कागदाची जात ओळखतो : सनद आहे, महजर आहे, खरेदीखत आहे की जन्म-मृत्यूचे रजिस्टर? प्रत्येक प्रकाराचा मायना ठरलेला असतो. पत्राच्या आरंभी काय येणार आणि शेवटी काय येणार, हे आधीच माहीत असते. त्या ओळखीच्या शब्दांत लेखकाचा ‘क’ कसा, ‘र’ कसा हे तो टिपून घेतो आणि मग अनोळखी मजकुराकडे वळतो.

जगभरातल्या लिपी याच वाटेने उलगडल्या. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांना ब्राह्मी लिपी लागली ती सांचीच्या लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरांवरून. देणगी देणाऱ्यांचे हे लेख असणार, म्हणजे शेवटी ‘दान’ असा शब्द असणार, हा त्यांचा अंदाज खरा ठरला. ज्याला कागदाचा संदर्भ कळतो, त्याला अक्षर आधी सापडते.

मोडीत अक्षरांच्या पलीकडेही अडथळे आहेत. पहिला अडथळा तारखेचा. मराठेशाहीच्या कागदांत वर्ष अनेकदा सुहूर सनात, तेही अरबी शब्दांत लिहिलेले असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे शब्द दिसले तर ते नाव किंवा गाव समजून चालत नाही. इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००. बेरीज झाली ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होत असे. त्यामुळे जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंत ६०० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे हे वर्ष १७६०-६१, पानिपताचे.

शालिवाहन शकाला साधारणपणे ७८ मिळवतात, पण पौषाच्या सुमारापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपतचे युद्ध शके १६८२च्या पौषात झाले. त्यात ७८ मिळवून १७६० म्हणणारा वर्षभराने चुकतो. फसली सनाचे गणित आणखी वेगळे, तिथे ५९० किंवा ५९१. तिथीआधी ‘छ’ दिसला तर तो मुसलमानी महिन्याच्या चंद्राचा संक्षेप असतो.

दुसरा अडथळा आकड्यांचा. जुन्या हिशेबात पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या दंडांनी दाखवत. एक दंड पाव, दोन दंड अर्धा, तीन दंड पाऊण. ‘१॥’ म्हणजे दीड. नवख्याला तो १११ वाटू शकतो. जमिनीच्या किंवा सावकारीच्या कागदात अशा वाचनाने दीड बिघ्यांचे शंभरावर बिघे होतात.

तिसरा अडथळा हाताचा. शिवकालीन वळण वेगळे, पेशवेकालीन वेगळे आणि इंग्रजी अमदानीतले वेगळे. पेशवेकालीन पत्रे सफाईने वाचणारा माणूस १८९०च्या तलाठ्याच्या घाईच्या हातापुढे अडखळू शकतो. शिवाय संक्षेप असतात. ‘कुणबी’ हा शब्द दर ओळीला पूर्ण लिहिण्याचा कंटाळा करून ‘कुण.’ किंवा नुसता ‘कु.’ लिहिलेला सापडतो.

मग मराठीत खरी गुप्त लिपी होतीच नाही?

होती, आणि एक नव्हे, अनेक. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने पुढच्या काळात आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, अंक, शून्य अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपी चौदाव्या शतकातल्या रवळोबासांची मानली जाते. तत्त्व साधे होते : एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे. किल्ली पंथातल्यांकडेच असे. ‘लीळाचरित्रा’सारखे मराठी गद्याचे आरंभीचे धन त्यामुळे शतकानुशतके बाहेरच्यांना बंद राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली आणि मराठी भाषेचा इतिहास मागे सरकला.

अशी अक्षरबदलाची लिपी फोडण्याची रीत जगाला नवव्या शतकापासून माहीत आहे. बगदादचा पंडित अल-किंदी याने ती लिहून ठेवली. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात आणि काही क्वचित. सांकेतिक मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे चिन्ह शोधायचे आणि ते भाषेतल्या सर्वाधिक वापराच्या अक्षराशी जुळवून पाहायचे. मजकूर जितका लांब तितका संकेत कच्चा पडतो.

दुसरा प्रकार शब्दांच्या संकेताचा, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पानिपतचे आहे. जानेवारी १७६१ अखेरीस कुमक घेऊन उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकारी जासूदाकडचे पत्र लागले. त्यात वरवर मालाच्या नुकसानीची भाषा होती : दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची तर मोजदाद नाही. पेशव्यांना अर्थ लागायला वेळ लागला नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार आणि खुर्दा म्हणजे सामान्य सैनिक. हा प्रसंग जगापुढे आणणाऱ्यांत जेम्स ग्रँट डफचे नाव येते. १८१८ नंतर तो साताऱ्यात कंपनी सरकारचा रेसिडेंट होता आणि १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. या पत्राला किल्लीची गरज पडली नाही. दिल्लीकडे कोण गेले आहे हे ज्याला ठाऊक होते, त्याच्यासाठी संकेत उघडाच होता.

बाजारातही संकेत होते. दलालांच्या नंदभाषेत केवली म्हणजे एक, उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच आणि अंगुळू म्हणजे दहा. गिऱ्हाइकासमोर भाव बोलायचा आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचा नाही, यासाठीची ही सोय. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवण्याची रीत याच जातकुळीची.

हे काम करणारी माणसे कोण?

या कामाची महाराष्ट्रातली मोठी परंपरा सातारा-सांगली पट्ट्यातूनच जाते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तो वाईत सापडलेल्या पत्रांवर. १७५० ते १७६१ या काळातला तो पत्रव्यवहार होता. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली मोडी पत्रे वाचून काढली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडाने प्रसिद्ध केला. साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी कागद, चित्रे आणि वस्तू जमवल्या. पुण्यात १९१० मध्ये राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात संपादित केले. त्याच दप्तरात साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कारभाराचे शाहू दप्तरही आहे.

या मंडळींचे वाचन इतिहासासाठी होते. एखादा शब्द चुकला तर दुसरा अभ्यासक दहा वर्षांनी दुरुस्त करी आणि त्यावर लेख लिही. आजचा वाचक वेगळ्या जागी बसला आहे. त्याने केलेल्या लिप्यंतरावर एखाद्या मुलीचा वैद्यकीय प्रवेश किंवा एखाद्या गावच्या सरपंचाचे पद अवलंबून असते. दुरुस्तीला दहा वर्षे नसतात, बऱ्याचदा दहा दिवसही नसतात.

राज्याचे पुराभिलेख संचालनालय, विविध संशोधन संस्था आणि खासगी वर्ग मोडीचे प्रशिक्षण देतात. काही दिवसांच्या वर्गात मुळाक्षरे आणि बाराखडी येते. दप्तर वाचता यायला मात्र वर्षे लागतात. निवृत्त शिक्षक, इतिहासाचे विद्यार्थी, जुन्या दस्तलेखकांची मुले अशी माणसे हे काम करताना दिसतात. अनेकांना ते पानावर मोबदला घेऊन करावे लागते. पानावर मोबदला म्हणजे वेगाला बक्षीस, आणि वेग हा अचूकतेचा मित्र नव्हे.

अक्षर लागले म्हणजे अर्थ लागला का?

खरा पेच इथे आहे. जुन्या कागदांत कुणबी, कुळंबी, कुळवाडी असे शब्द भेटतात. कुळवाडी म्हणजे जमीन कसणारा. तो शब्द एखाद्या नोंदीत धंदा सांगतो की जात? रजिस्टरमध्ये ‘जात’ असा स्वतंत्र रकाना असेल तर प्रश्न सोपा. खरेदीखताच्या सलग मजकुरात तो आला असेल तर निर्णय वाचकाचा नसून अर्थ लावणाऱ्याचा असतो.

पेशवेकालीन कागदांत ‘कुणबीण’ हा शब्द बटकीसाठी, म्हणजे खरेदी-विक्री होणाऱ्या दासीसाठीही येतो. ‘कुण’ एवढी अक्षरे दिसली म्हणून त्यावरून जात ठरवणारा फसतो. आडनावाचाही घोळ आहे. अनेक जुन्या नोंदींत आडनाव नसते. फक्त नाव, बापाचे नाव आणि गाव. ‘राणू बिन सटवा’ हा आपलाच पणजोबा, हे अक्षर वाचून सिद्ध होत नाही. त्यासाठी वंशावळ, जमिनीचे फेरफार आणि वारसनोंदी जुळवाव्या लागतात.

म्हणून वाचकाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात : कागदावर काय आहे आणि त्याचा अर्थ काय होतो. पहिल्याची जबाबदारी त्याची. दुसऱ्याची जबाबदारी सक्षम अधिकाऱ्याची आणि पडताळणी समितीची. प्रत्यक्षात गर्दीच्या दिवशी या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच सहीखाली येतात आणि तिथेच पुढच्या वादाचे बी पडते.

बनावट नोंद ओळखता येते का?

बऱ्याच वेळा येते. रजिस्टर हे ओळीने भरलेले असते. मागाहून घुसडलेला शब्द शेजारच्या शब्दांशी अंतर राखत नाही. शाईचा रंग वेगळा पडतो. बोरूची किंवा टाकाची जाड-बारीक रेघ बॉलपेनला जमत नाही. सर्वांत मोठी खूण म्हणजे हात. जो तलाठी पानभर ‘ण’ एका वळणाने काढतो तो एकाच ओळीत दुसऱ्या वळणाने काढत नाही. आज मोडी शिकलेल्या माणसाची अक्षरे पुस्तकातल्या कित्त्यासारखी नीटस असतात, आणि घाईत लिहिणाऱ्या कारकुनाच्या पानावर ती नीटस अक्षरे उठून दिसतात.

पण हे सगळे मूळ रजिस्टर पाहिले तरच. अर्जाला जोडलेली झेरॉक्स, त्यावरून मोबाइलने काढलेला फोटो आणि व्हॉट्सॲपवर दबलेली त्याची प्रत यांत शाई आणि दाब दोन्ही नाहीसे होतात. जात पडताळणीत दक्षता पथकाची चौकशी असते ती यासाठीच. पान एकटे वाचायचे नसते, त्याच्या मागची-पुढची पानेही पाहायची असतात.

हे काम संगणक करील का?

काही भाग नक्की करील. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे फोन आणि संगणकाला मोडी अक्षर ‘कळण्याची’ सोय झाली. २०२५ मध्ये आयआयटी रुरकी आणि पुण्याच्या सीओईपीशी संबंधित संशोधकांनी मोडी हस्तलिखितांचे देवनागरीत लिप्यंतर करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप मांडले. त्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा २,०४३ प्रतिमांचा त्यांच्या लिप्यंतरासह संच तयार करण्यात आला. कोट्यवधी पानांच्या तुलनेत हा संच लहान आहे, तरी सुरुवात महत्त्वाची आहे.

यंत्राचा धोका वेगळा आहे. अशी प्रारूपे अस्पष्ट अक्षराच्या जागी संभाव्य शब्द भरतात. सलग पत्रात ते चालून जाते, कारण वाक्याचा आधार असतो. जातीच्या रकान्यात वाक्य नसते. तिथे एक डाग आणि दोन अक्षरे असतात. यंत्राला ‘कुणबी’ शब्द शोधायला लावला तर तो नसलेल्या जागीही सापडू शकतो. माणसाचेही असेच होते. काय शोधायचे हे आधी सांगितले की डोळे तेच पाहू लागतात.

परदेशातला अलीकडचा अनुभव इथे उपयोगी आहे. २०२३ मध्ये तीन अभ्यासकांनी स्कॉटलंडची राणी मेरी हिची पन्नासहून अधिक सांकेतिक पत्रे उलगडली. ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होती, पण इटलीविषयक कागद अशा शेऱ्याखाली. संगणकाने चिन्हांची किल्ली शोधायला मदत केली. मात्र पत्रे कुणाची हे ठरवायला इतिहास जाणणारी माणसेच लागली. आपल्याकडेही यंत्राने चाळणी करावी, कोणत्या पानावर पाहण्यासारखे आहे ते सांगावे आणि अंतिम वाचन माणसाने करावे, हा मार्ग सुरक्षित वाटतो.

मग करायला काय हवे?

गॅझेट लागू झाले किंवा नाही झाले, तरी जुन्या नोंदी वाचण्याचे काम थांबणार नाही. म्हणून काही साध्या गोष्टी राजकीय निकालाची वाट न पाहता करता येतात.

● एकच नोंद दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचावी. अर्जदार कोण आणि दावा काय, हे त्यांना आधी सांगू नये. दोघांचे वाचन जुळले नाही तर तिसऱ्याकडे जावे.

● लिप्यंतरात शंका असलेले अक्षर शंकेसहच दाखवावे. ‘वाचता येत नाही’ हेसुद्धा प्रामाणिक उत्तर आहे आणि ते देण्याची मुभा वाचकाला हवी.

● तहसील कचेऱ्यांतली मोडी रजिस्टरे रंगीत आणि स्पष्ट स्कॅन करून सर्वांना पाहण्यासाठी खुली व्हावीत. मूळ पान सगळ्यांना दिसले की घुसडलेल्या नोंदीला आणि खोट्या आरोपालाही जागा उरत नाही.

● वाचकांना पानावर नव्हे तर कामाच्या दिवसावर मोबदला मिळावा.

आणि तुमच्या घरी मोडी कागद असेल तर? तो लॅमिनेट करू नका, त्यावर चिकटपट्टी लावू नका, घडी पुन्हा पुन्हा उघडू नका. दिवसाच्या उजेडात सपाट ठेवून सावली न पाडता पूर्ण पानाचा फोटो घ्या. कागद कुठून आला, घरात कोणाकडे होता हे लिहून ठेवा. वाचणाऱ्याला तुम्हाला काय हवे आहे ते सांगू नका, कागदात काय आहे ते विचारा.

त्यात जातीची नोंद निघेल, न निघेल. कदाचित विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांची वाटणी निघेल किंवा पणजीच्या नावावरची पाटली गहाण टाकल्याची चिठ्ठी. आरक्षणाच्या वादाने मोडीकडे लक्ष वेधले हे खरे. पण ज्या जिल्ह्यांनी राजवाडे आणि खरे यांना कागद पुरवले, तिथल्या माणसांना स्वतःच्या घरचा कागद वाचायला तिऱ्हाइकाकडे जावे लागते, ही अडचण कोणताही शासन निर्णय सोडवणार नाही. ती गावच्या शाळेतल्या एखाद्या मोडीच्या वर्गातूनच सुटेल.